सक्तीची देवी

१५ ऑगस्ट २०२१ पासून काही महिने मुंबईच्या लोकल गाडीत सर्वसामान्य प्रवाशाला चढायचे, तर कोविडच्या लसीच्या दोन मात्रा घेतल्याचा दाखला दाखवावा लागे. मास्क न लावता फिरणाऱ्याच्या हाती महापालिकेची माणसे २०० रुपये दंडाची पावती देत. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणशीर असले पाहिजेत. त्या दोन वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात याच प्रश्नावर मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या. हा सारा वाद कोविडबरोबरच जन्मला असे विद्यार्थ्यांना वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे मुद्दे एकोणिसाव्या शतकातच मांडून झाले होते. ते ज्या गावात सर्वांत मोठ्या आवाजात मांडले गेले, त्या इंग्लंडमधील लेस्टर शहराची ही हकिकत.

वाद होता देवीच्या लशीचा. आपल्याकडे रोगाचे नावही देवी आणि लस टोचण्यालाही 'देवी काढणे' असेच म्हणत. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या फोडातील द्रव एका मुलाला टोचून पाहिला आणि १७९८ मध्ये आपले निष्कर्ष छापले. त्यानंतर चार वर्षांतच, जून १८०२ मध्ये, बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने ही लस मुंबईला पोचली आणि तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातील ती पहिली देवीची लस.

इंग्लंडमध्ये १८४० च्या कायद्याने गरिबांना लस फुकट मिळू लागली. १८५३ च्या कायद्याने ती सक्तीची झाली: मूल तीन महिन्यांचे होण्याच्या आत टोचून घ्या, नाहीतर दंड भरा. १८६७ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आता मूल १४ वर्षांचे होईपर्यंत त्याच एका गुन्ह्यासाठी आईबापांना पुन्हा पुन्हा दंड करता येऊ लागला. १८७१ मध्ये प्रत्येक भागात लसीकरण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. निरोगी माणसाच्या शरीराला सरकारी हुकमाने सुई लावण्याचा हा तिथला पहिलाच मोठा प्रयोग होता.

ही टोचणी कशी असे, ते समजल्याशिवाय विरोध समजत नाही. आजची बारीक सुई डोळ्यांपुढे आणू नका. तान्ह्या बाळाच्या दंडावर नस्तराने चार-पाच ठिकाणी त्वचा खरवडून त्यात द्रव भरत. आठव्या दिवशी आईने बाळाला घेऊन पुन्हा हजर व्हायचे. बाळाच्या फोडातून द्रव काढून तो रांगेतल्या पुढच्या बाळांना टोचत. १८७१ नंतर तो द्रव काढू न देणाऱ्या आईलाही दंड होऊ शकत असे. या दंडावरून त्या दंडावर जाणाऱ्या टोचणीतून कधीकधी उपदंशासारखा भयंकर रोगही संक्रमित होई. डॉक्टर मंडळींनी प्रथम हे नाकारले आणि मग पुराव्यापुढे मान्य केले. म्हणजे विरोधकांची भीती सगळीच अडाणीपणाची नव्हती.

शिवाय ही टोचणी करवून घेण्याचे काम होते गरिबांच्या कायद्याखालील पालकमंडळांकडे. निराधारांना वर्कहाऊसमध्ये डांबणारे मंडळ तेच. त्याच्या दारात जाणे हीच कष्टकरी माणसाला नामुष्की वाटे. दंड २० शिलिंगांपर्यंत, वर कोर्टाचा खर्च. लेस्टर हे मोजे-बनियन विणणाऱ्या आणि बूट शिवणाऱ्या कामगारांचे शहर. अशा घरातून ती रक्कम निघत नसे. मग घरातले सामानसुमान जप्त करून लिलावात काढत आणि तरीही वसुली झाली नाही तर बापाला तुरुंग. पैसेवाला माणूस मात्र दंड भरून मोकळा होई किंवा खाजगी डॉक्टरकडून आपल्या सोयीने टोचून घेई. कायदा सर्वांना सारखा होता, त्याचा मार सारखा नव्हता.

अशात १८७१-७२ ची देवीची साथ आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत लहानपणी लस टोचलेले प्रौढही होते. एकदा टोचले की जन्मभर चिंता नाही, असा जेन्नरचा दावा होता आणि सरकारी यंत्रणेनेही तो बराच काळ मिरवला होता. खरे पाहता लशीचे संरक्षण वर्षांगणिक उणावत जाते आणि ठरावीक काळाने पुन्हा टोचावे लागते. लस खोटी ठरली नव्हती, दावा फुगवलेला ठरला होता. पण सामान्य माणूस हा भेद का करील? माझ्या मते सक्तीच्या कायद्याचे जेवढे नुकसान विरोधकांनी केले, त्याहून अधिक या जादा आत्मविश्वासाने केले.

लेस्टरमध्ये खटल्यांची संख्या हजारांत गेली. २३ मार्च १८८५ रोजी तेथे प्रचंड मोर्चा निघाला. संयोजकांच्या मते ऐंशी हजार ते एक लाख लोक त्यात होते. इतर गावांहून प्रतिनिधी आले होते. मिरवणुकीत तान्ह्या बाळाची शवपेटी होती आणि जेन्नरचा पुतळा फासावर लटकवण्यात आला. पुढल्याच वर्षी पालकमंडळाच्या निवडणुकीत सक्तीविरोधकांनी बहुमत मिळवले आणि शहरातले खटले थांबले. थोड्याच वर्षांत लेस्टरमध्ये अगदी मोजकी बाळे टोचली जाऊ लागली.

आता शहरात हाहाकार माजेल, असे भाकीत डॉक्टरांनी केले. तो माजला नाही, आणि हाच या हकिकतीतला विचार करायला लावणारा भाग आहे. लेस्टरने १८७७ पासून एक वेगळी रीत बसवली होती. देवीचा रोगी आढळला की लगेच वर्दी द्यायची. १८७९ च्या एका स्थानिक कायद्याने ही वर्दी बंधनकारकही केली. मग रोग्याला वेगळ्या इस्पितळात हलवायचे, त्याच्या घरातल्यांना काही दिवस वेगळे ठेवायचे आणि घर व कपडे निर्जंतुक करायचे. या मुदतीत बुडालेल्या मजुरीची भरपाई नगरपालिका देत असे. मौज अशी की, टोचणीच्या सक्तीविरुद्ध तुरुंगात जायला तयार असलेल्या गावाने वर्दीची आणि विलगीकरणाची सक्ती मात्र निमूटपणे स्वीकारली. ती शरीरात शिरत नव्हती, आणि तिचा खर्च गरिबाच्या खिशातून जात नव्हता.

१८९२ ते १८९४ या काळात साथ आली, तेव्हा पावणेदोन लाख वस्तीच्या या शहरात रोगी साडेतीनशेच्या आसपास आणि मृत्यू एकवीसच झाले. विरोधकांनी हा लस निरुपयोगी असल्याचा पुरावा मानला. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विनच्या बरोबरीने मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस हासुद्धा या गोटात होता. मृत्युदर घटला तो स्वच्छतेमुळे, लशीमुळे नव्हे, असे त्याने आकडेवारी देऊन मांडले. एवढा मोठा शास्त्रज्ञही येथे चुकला होता.

तो कुठे चुकला हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. एका शहरातल्या एकूण मृत्यूंवरून लशीचा गुण ठरत नाही, कारण त्या आकड्यात विलगीकरण, स्वच्छता, योगायोग असे सगळेच मिसळलेले असते. एकाच ठिकाणी, सारख्याच धोक्यात राहिलेली टोचलेली आणि न टोचलेली माणसे शेजारी ठेवून पाहावी लागतात. असा दाखला लेस्टरच्याच देवीच्या इस्पितळात होता. तेथील बहुतेक कर्मचारी पुन्हा टोचून घेतलेले किंवा पूर्वी देवी येऊन गेलेले होते आणि ते जवळजवळ सगळे सुखरूप राहिले. सहा जणांनी टोचून घेण्यास नकार दिला. त्यांपैकी पाच जणांना देवी आल्या आणि एक दगावला. दुसरा दाखला ग्लॉस्टर शहराचा. तेथेही मुलांना टोचणे बहुतांशी बंद पडले होते, पण लेस्टरसारखी विलगीकरणाची शिस्त नव्हती. १८९५-९६ च्या साथीत त्या लहानशा शहरात १,९७९ रोगी आणि ४३४ मृत्यू झाले. मेलेल्यांत न टोचलेली मुलेच अधिक होती.

दरम्यान १८८९ मध्ये नेमलेला राजकीय आयोग सात वर्षे साक्षी ऐकत बसला. १८९६ च्या अंतिम अहवालात त्याने सांगितले की लस संरक्षण देते यात शंका नाही, पण एकाच गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा शिक्षा करणे बंद करावे. १८९८ च्या कायद्याने ते मान्य केले. आपला विरोध सद्सद्विवेकातून आहे असे दंडाधिकाऱ्यांना पटवून देणाऱ्या पालकाला सूट मिळू लागली. युद्धावर जायला नकार देणाऱ्यांसाठी इंग्रजीत जी संज्ञा पुढे रूढ झाली, ती या लशीच्या कायद्यातूनच लोकांच्या तोंडी बसली. याच कायद्यानंतर सरकारी टोचणीसाठी बाळाच्या दंडाऐवजी वासराच्या अंगावर तयार केलेली लस वापरात आली आणि बाळाला केंद्रावर नेण्याऐवजी टोचणारा घरी येऊ लागला. उपदंशाची भीती संपली ती अशी. हे आधीच झाले असते, तर मोर्चा एवढा मोठा निघाला असता का? १९०७ मध्ये सूट मिळवणे आणखी सोपे झाले आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा सक्तीच गेली.

लेस्टरची रीत मात्र एका अनपेक्षित रूपात परत आली. १९६६-६७ मध्ये पूर्व नायजेरियात सर्वांना पुरेल एवढी लस नव्हती. तेव्हा विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगी शोधून केवळ त्याच्या भोवतालच्या लोकांना टोचले, आणि साथ थांबली. शोध आणि विलगीकरण लेस्टरचे, लस जेन्नरची. जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत पुढे उचलली. भारतात १९७४ मध्ये बिहारमध्ये देवीने थैमान घातले, तेव्हा पथके घरोघर रोगी शोधत हिंडली. रोगी सापडलेल्या घरापुढे रात्रंदिवस पहारेकरी बसत आणि आसपासच्या प्रत्येकाला टोचले जाई. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदवला गेला. त्या अखेरच्या महिन्यांत काही गावांत नकार देणाऱ्यांना, दार मोडून आणि हातपाय धरून, टोचण्यात आले. ही हकिकत विरोधकांची नव्हे, मोहिमेत काम केलेल्या डॉक्टरांनीच पुढे लिहून ठेवली आहे.