मुंबईचं बसभाडं: तीन आण्यांपासून दहा रुपयांपर्यंत



आपल्या जसोंडीचा माणूस मुंबईला निघाला की बऱ्हाणपूर स्टेशनवरून गाडीचं तिकीट काढतो, पण तिथल्या रोजच्या फिरण्याचे पैसे वेगळे ठेवत नाही. घरचं कुणी परळच्या टाटा रुग्णालयात असलं, की हाच किरकोळ खर्च भारी पडतो.

हा हिशेब जुना आहे. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, भाडं तीन आणे. लोक वाढले तसं ते दोन आण्यांवर आणलं. १९०७ ला विजेची ट्राम आली, १५ जुलै १९२६ ला बस. ३१ मार्च १९६४ ला ट्राम कायमची थांबली.

पुढे जुलै २०१९ मध्ये बेस्टने साध्या बसचं कमीत कमी भाडं आठवरून पाच रुपये केलं. मे २०२५ मध्ये ते दहा झालं.

मी बँकेतला माणूस, आकडा मांडूनच बघतो. नातेवाईक दोघं, रोज जाणं-येणं, तीस दिवस, म्हणजे १२० तिकिटं. पाचने ६००, दहाने १,२००. मजुरीवर जगणाऱ्या घराला हा फरक लहान नाही.

म्हणून निघण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: उतरायचं कुठं, रोजच्या फेऱ्या किती, माणसं किती. मुक्काम दवाखान्याजवळ मिळाला तर थोडं जास्त भाडंही परवडतं, बसचे पैसे वाचतात. गावातून कुणी निघालं असेल तर त्याला हे जरूर सांगा.