‘ध चा मा’ पत्र

‘ध चा मा’ पत्र म्हणजे नारायणराव पेशवे यांच्या हत्येस कारणीभूत झाल्याचे सांगितले जाणारे आज्ञापत्र होय. त्यातील ‘धरावे’ हा शब्द बदलून ‘मारावे’ असा करण्यात आला, अशी परंपरागत समजूत आहे. मूळ पत्र अभ्यासकांना उपलब्ध नसल्याने हा बदल कोणी केला, किंबहुना तो झाला होता की नाही, याचा निर्णय होऊ शकलेला नाही.

पार्श्वभूमी

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. त्यांच्यानंतर धाकटे बंधू नारायणराव पेशवेपदी आले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यात नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंग व इतर गारद्यांनी वाड्यात शिरून नारायणरावांची हत्या केली. त्या वेळी ते १८ वर्षांचे होते.

चौकशी

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासानुसार, आपण नारायणरावांना पकडण्याची आज्ञा दिली होती, मारण्याची नव्हे, असे रघुनाथरावांनी सांगितले. पुढे रामशास्त्र्यांना मिळालेल्या मूळ कागदात शब्द बदललेला आढळला, असेही डफ लिहितो. हा फेरफार रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी केला, ही गोष्ट मात्र त्याने सार्वत्रिक समजूत म्हणून नोंदवली आहे. डफचा ग्रंथ घटनेनंतर ५३ वर्षांनी प्रसिद्ध झाला.

भौतिक पुराव्यांचा अभाव

मूळ कागद समोर असता तर हस्ताक्षर, शाई आणि खाडाखोड तपासून फेरफार झाला की नाही हे ठरवता आले असते. नारायणरावांच्या देहाचे त्याच रात्री दहन झाले. घटनास्थळ असलेल्या शनिवारवाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. आज तट, दरवाजे व जोती शिल्लक आहेत. त्यामुळे अभ्यासकांना पत्रव्यवहार, बखरी आणि नंतरची कथने यांवरच अवलंबून राहावे लागते.

मूल्यमापन

शब्दबदलाची कथा खरी मानल्यास हत्येचा मुख्य दोष रघुनाथरावांकडून आनंदीबाईंकडे सरकतो. म्हणजेच या कथेचा लाभ मुख्य संशयितालाच मिळतो. आनंदीबाईंची लोकमानसातील प्रतिमा अशा रीतीने तपासता न येणाऱ्या एका कागदावर उभी आहे. मजकुरात फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे, या अर्थी ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे.