घरच्या घरी उटणे: पैसे कुठे वाचतात आणि जपायचे कुठे?

दिवाळी जवळ आली की पनवेलच्या बाजारात उटण्याची पाकिटे दिसू लागतात. 1872 साली श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना याच पनवेलमध्ये सुरू झाला. त्यामुळे वाळा, नागरमोथा, आंबेहळद ही नावे या भागाला नवी नाहीत. पळस्पे आणि आसपासच्या गावांतही नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान उटण्याशिवाय होत नाही. हेच उटणे घरी केले तर स्वस्त पडते का?

साहित्य काय लागते?

मसूर डाळीचे पीठ 4 चमचे, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड 2 चमचे, वाळा, नागरमोथा आणि गुलाबपाकळीची पूड प्रत्येकी 1 चमचा, आंबेहळद अर्धा चमचा. सगळे वस्त्रगाळ करून कोरड्या बरणीत भरावे. भरड राहिलेली पूड त्वचेला ओरखडे पाडते, म्हणून चाळण्याचा कंटाळा करू नये.

पैसे खरोखर वाचतात का?

डाळ आणि संत्र्याची साल घरातच असते. खर्च होतो तो काष्ठौषधींवर. एका घरासाठी प्रत्येक वस्तूची पुडी घेतली तर अर्धी उरते आणि वर्षभरात तिचा वास उडून जातो. म्हणून शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून साहित्य आणले, तर बचत दिसते. चंदन महाग असते आणि त्यात भेसळही होते. ते वगळले तरी उटण्याचे काम अडत नाही.

कोरडे टिकते, ओले का टिकत नाही?

जंतूंना वाढायला पाणी लागते. कोरडी पूड काही महिने राहते. पण त्यात दूध, दही किंवा गुलाबपाणी मिसळले की बाजारातल्या क्रीममध्ये असतात तशी परिरक्षके त्यात नसतात. त्यामुळे लेप लागेल तेवढाच भिजवावा आणि उरलेला टाकून द्यावा.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक का?

नाही. त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 4.5 ते 5.5 असतो. लिंबाच्या रसाचा 2 ते 3 असतो, म्हणजे रस त्वचेच्या मानाने खूपच आम्ल. शिवाय लिंबातील काही घटक उन्हात त्वचेवर प्रतिक्रिया घडवतात. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने राहू शकतात. खाण्याचा सोडा उलट्या बाजूने, म्हणजे अल्कधर्मी असल्याने, त्वचा कोरडी पाडतो.

काही जुन्या कृतींत बावची असते. तिच्यातील सोरालेन हे द्रव्य त्वचेला ऊन जास्त बाधेल असे करते. कोडावरील उपचारात ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. घरच्या उटण्यात बावची नकोच. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीकही खाज आणू शकतो. तो निथळू द्यावा आणि गर धुऊन घ्यावा.

आधी चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून धुवावा आणि दोन दिवस वाट पाहावी. ॲलर्जीची पुरळ अनेकदा लगेच दिसत नाही. लाली, खाज किंवा फोड आले, तर ते उटणे वापरू नये. तान्ह्या बाळाला किंवा इसब असलेल्या त्वचेला लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि पुरळ उठल्यावर त्यावर दुसरा घरगुती लेप थापू नये.

विकायचे असेल तर?

घरापुरते करायला परवानगी लागत नाही. मात्र विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायची, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. बचत गटांनी माल बाजारात नेण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. नाहीतर दिवाळीची कमाई दंडात जायची.

थोडक्यात, कमी वस्तू, कोरडी बरणी आणि दोन दिवसांची चाचणी. डाग पडल्यावर डॉक्टरांकडे होणारा खर्च उटण्यात वाचलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त असतो.