नाशिकची मनुष्यबळ एजन्सी: काम कंपनीत, पगार ठेकेदाराकडून, मग मालक कोण?

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या गेटवर सकाळच्या पाळीला रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या कामगारांचा मालक एकच नसतो. गणवेश सारखाच दिसला तरी काहीजण ‘कंपनी रोलवर’ असतात, बाकीचे ‘ठेकेदाराच्या रोलवर’. या दुसऱ्या गटाला कामावर घेणारी, त्याची हजेरी ठेवणारी आणि पगार देणारी संस्था म्हणजे मनुष्यबळ पुरवठा एजन्सी. कागदावर तिचे नाव ‘एंटरप्रायझेस’ किंवा ‘मॅनपॉवर सर्व्हिसेस’ असे काहीतरी असते. कामगार मात्र तिला सरळ ‘ठेकेदार’ म्हणतात.

भरती करणाऱ्या एजन्सी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांत बऱ्याचदा गल्लत होते. पहिला प्रकार नुसती गाठ घालून देणाऱ्यांचा. उमेदवार कंपनीत रुजू झाला की एजन्सीचे काम संपते आणि कंपनी तिला एकदाच मोबदला देते. दुसऱ्या प्रकारात कामगार एजन्सीच्याच नोकरीत राहतो, फक्त काम कंपनीच्या आवारात करतो. नाशिकच्या कारखान्यांत ‘ठेकेदार’ म्हणतात तो हा दुसरा प्रकार. दोन्हींत एजन्सीचे उत्पन्न कंपनीकडून येते, त्यामुळे उमेदवाराकडे ‘नोंदणी फी’ किंवा ‘गेटपासचे पैसे’ मागण्याचे कारणच उरत नाही. कोणी मागितले तर तिथेच सावध व्हावे.

15,000 रुपयांचे काय होते?

समजण्यासाठी एक हिशेब मांडता येतो. महिना वेतन 15,000 रुपये धरले तर कामगाराकडून 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये भविष्य निर्वाह निधीत जातात, 0.75 टक्के म्हणजे 113 रुपये ईएसआयला आणि पुरुष कामगार असेल तर 200 रुपये व्यवसाय कर. हातात उरतात 12,887 रुपये. कॅन्टीन किंवा बसचे पैसे कापले गेले तर त्याहूनही कमी.

आता हेच एजन्सीच्या बाजूने पाहू. पीएफ आणि त्यासोबतचे विमा व प्रशासकीय शुल्क मिळून 13 टक्के म्हणजे 1,950, ईएसआयचे 3.25 टक्के म्हणजे 488 आणि 8.33 टक्के बोनसची तरतूद म्हणजे सुमारे 1,250. सेवाशुल्क समजा 1,000 रुपये. ही बेरीज 19,688 होते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून कंपनीला जाणारे बिल 23,232 रुपयांचे. (जीएसटीची वजावट कंपनीला बहुधा परत मिळते.) बिल आणि हातातला पगार यांतली दरी पाहून ‘ठेकेदाराने निम्मे खाल्ले’ असे वाटू शकते. पण त्यातली मोठी रक्कम कर आणि कामगाराच्याच नावावर जमा होणारा पैसा असतो, म्हणजे जमा झाला तर. एजन्सीचे खरे उत्पन्न ते हजार रुपये. स्पर्धेत सेवाशुल्क फारच खाली आणणारी एजन्सी उरलेला नफा कुठून काढते हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उत्तर बहुतेक वेळा पीएफ, बोनस नाहीतर ओव्हरटाइम यांपैकी एकात सापडते.

म्हणून पगाराच्या चिठ्ठीपेक्षा पीएफचे पासबुक अधिक खरे बोलते. यूएएन क्रमांक चालू असेल तर दर महिन्याचा भरणा मोबाईलवर दिसतो. एजन्सीने तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो.

‘ब्रेक’ची किंमत

सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची पद्धत औद्योगिक वसाहतीत सर्वांना ठाऊक आहे. वर्षात 240 दिवस भरले की कायद्याने सलग सेवा धरली जाते आणि काही हक्क लागू होतात. ते टाळण्यासाठी हा खटाटोप. यात पगार बुडतो हे लगेच दिसते. पण दुसरे नुकसान उशिरा कळते. अनेक तरुण प्रत्येक ब्रेकनंतर पीएफबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतात. पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते आणि रक्कम काढली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नवीन एजन्सीत जुनाच यूएएन दिला तर ती सेवा जोडली जाते. ईएसआयचेही तसेच. आजारपणात वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सातपूरचे ईएसआय रुग्णालय जवळ असूनही कार्डावरचे दिवस अपुरे निघाले तर भत्ता हुकतो.

जबाबदारी

1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली होती: ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यायचे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांतही हे तत्त्व कायम आहे. त्यामुळे एजन्सीने गाशा गुंडाळला तरी तक्रारीची वाट बंद होत नाही. अर्ज कामगार उपायुक्त कार्यालयात करता येतो आणि त्यात एजन्सीबरोबर कंपनीचेही नाव घालावे.

कायम होण्याची आशा मात्र वेगळी गोष्ट. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सांगितले की कंत्राट पद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कंपनीचे कायम कर्मचारी होत नाहीत. कंत्राट निव्वळ देखावा होता हे सिद्ध झाले तरच तसा दावा टिकतो, आणि ते सिद्ध करणे वेळखाऊ असते.

एजन्सीच्या आत

एजन्सीत स्वतःच्या नोकऱ्याही असतात. फोनवर उमेदवार शोधणारे, कंपनीत पाळीनुसार उभे राहणारे साइट सुपरवायझर आणि पगारपत्रक, पीएफ, ईएसआय सांभाळणारे. यात सुपरवायझरची अवस्था सर्वांत अवघड. पहाटे दहा माणसे कमी आली तर कंपनी त्याला जाब विचारते, पगार लांबला तर कामगार त्यालाच घेरतात. पगारपत्रकाचे काम येणाऱ्याला तुलनेने बरे भवितव्य आहे, कारण ते कौशल्य कोणत्याही कारखान्यात लागते.

भरती प्रत्यक्षात जाहिरातीपेक्षा ओळखीवर चालते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेला एकजण टिकला की गावचे चारजण त्याच्या खोलीवर उतरतात. सातपूर, श्रमिकनगर, चुंचाळे, सिडको या भागांत अशा खोल्या आणि खानावळी दाटीने आहेत. अहिराणी तिथे रोज कानावर पडते आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा उत्सव होतो. रोट गावी होतात तसेच इथेही. सुपरवायझरही बऱ्याचदा याच मंडळींतला असतो. नोकरी त्यामुळे लवकर लागते, पण थकलेल्या पगारासाठी त्याच्याविरुद्ध अर्ज करणे तितकेच जड जाते. गावाकडे बोलणी ऐकावी लागतात.

एजन्सी बदलताना दोन कागद हातात असावेत: नेमणूकपत्र, जे आता प्रत्येक कामगाराला देणे बंधनकारक आहे, आणि अनुभवाचा दाखला. नव्या संहितेनुसार कामगाराने मागितला तर ठेकेदाराला हा दाखला द्यावा लागतो. त्यावर कोणत्या यंत्रावर, किती काळ काम केले हे लिहून घेतले तर पुढच्या एजन्सीत ‘हेल्पर’ऐवजी ‘ऑपरेटर’ म्हणून दर ठरवताना तो दाखवता येतो.