नाव एक, औषधं दोन : रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणाचा इतिहास

श्रोतेहो, पाळी गेल्यावर बायकांना योनीचा कोरडेपणा येतो, त्याच्या उपचारांचा इतिहास आज सांगायचाय. मी डॉक्टर नव्हे, तत्त्वज्ञानाचा मास्तर. पण या इतिहासात शब्दांनीच मोठा घोळ घातलाय, म्हणून तो माझ्याही विषयात बसतो.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं. योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो. मग आग, खाज, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीला लागणं. अंगातून वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांनी ओसरतं. कोरडेपणा मात्र सहसा आपोआप जात नाही.

१९४२ मध्ये अमेरिकेत 'प्रेमारिन' आलं. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' या पुस्तकात रजोनिवृत्तीला आजारच ठरवलं. गोळी घ्या आणि तरुण राहा! १९७५ मध्ये दिसलं, की नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळीनं गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून जोडीला दुसरं संप्रेरक आलं. २००२ मध्ये या जोडगोळीचाही मोठा अभ्यास मधेच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कॅन्सर वाढलेला आढळला.

आता घोळ बघा. अभ्यास होता पोटात घ्यायच्या गोळीचा. गोळी सगळ्या शरीरात जाते. योनीत लावायचं कमी मात्रेचं क्रीम जागेवरच काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं. पण २००३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं इस्ट्रोजेनच्या सगळ्याच औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, क्रीमवरही. नाव एक म्हणून वस्तू एक, ही तर्कातली जुनीच चूक. तो कागद वाचून धास्तावलेल्या बाईनं क्रीम कपाटात ठेवून दिलं, तर तिला दोष कसा द्यायचा? इशारा उतरवायला सुरुवात व्हायला २०२५ उजाडलं.

दुखण्याच्या नावाचंही तसंच. आधी 'अ‍ॅट्रॉफी', म्हणजे सुकून जाणं, म्हणत. असलं नाव कोण तोंडावर आणील? २०१४ मध्ये 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' हे नाव आलं आणि लघवीच्या तक्रारीही त्यात धरल्या गेल्या.

आपल्याकडे नावच नाही. 'वय झालं आता' म्हणून विषय संपतो. उपाय मात्र आहेत : ओलावा टिकवणारं जेल, संबंधाच्या वेळचं वंगण, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं क्रीम. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर क्रीमआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच तपासून घ्या.

आणि श्रोत्यांतल्या पुरुषांनो, हे घरी जाऊन सांगा. बोलायला लाजू नका.