मिरचीची कुंडीतील लागवड

मिरची (शास्त्रीय नाव: कॅप्सिकम ॲन्युम) ही वांगे, टोमॅटो व बटाटा यांच्या सोलॅनेसी कुळातील वनस्पती आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. थोड्या जागेत वाढत असल्याने गच्ची, सज्जा व परसबागेत ती कुंडीत लावली जाते.

वाण
पुसा ज्वाला हा लांब व सुरकुतलेल्या फळांचा, तर फुले ज्योती हा झुपक्यांनी फळे येणारा वाण आहे. संकरित वाणाच्या फळातील बी पेरल्यास मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.

रोपे व पुनर्लागवड
२५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात बी साधारण ७ ते १५ दिवसांत उगवते. माती सतत चिंब राहिल्यास बुरशीमुळे कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. पाच ते सहा आठवड्यांची रोपे २५ ते ३० सेंटीमीटर व्यासाच्या, तळाशी छिद्रे असलेल्या कुंडीत लावतात. झाडाला रोज किमान सहा तास ऊन लागते. वरची माती सुकल्यावरच पाणी दिले जाते.

फूलगळ
मिरचीत मुख्यतः स्वपरागीभवन होते. कडक उन्हाळा, पाण्याचा ताण किंवा अतिपाणी यांमुळे फुले गळतात. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने माजतात व फुले कमी येतात.

चुरडा-मुरडा
पाने आकसण्याच्या या विकृतीस बोकड्या असेही म्हणतात. तिची कारणे वेगवेगळी असल्याने उपायापूर्वी पानांची खालची बाजू तपासणे आवश्यक ठरते.

फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात. कोळ्यांमुळे त्या खाली वळतात व देठ लांबतात. या दोन्ही किडी पानांतील रस शोषतात. प्रादुर्भाव अल्प असताना ५ टक्के निंबोळी अर्काची संध्याकाळी फवारणी उपयुक्त ठरते.

पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूने पाने बारीक होऊन शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात व झाड खुजे राहते. विषाणूग्रस्त झाड औषधाने बरे होत नाही. शेजारच्या झाडांच्या रक्षणासाठी ते उपटून नष्ट करावे लागते.

तोडणी
पुनर्लागवडीनंतर दोन ते अडीच महिन्यांनी हिरव्या मिरच्यांची तोडणी सुरू होते. नियमित तोडणीमुळे नवी फुले येत राहतात. फळे झाडावरच पिकू दिल्यास बहर मंदावतो.