माजघर आणि माडी

साल 1955. सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात तुम्ही उभे आहात. जिल्ह्याचं नाव अजून दक्षिण सातारा आहे. माजघरातल्या रेडिओला हार घातलाय, पुढे उदबत्ती लावलीय. शेजारपाजारच्या बायका पोरंबाळं घेऊन बसल्यात. पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ लागतं. चाल सुधीर फडक्यांची, शब्द गदिमांचे. म्हणजे याच जिल्ह्यातल्या शेटफळ्याच्या माडगूळकरांचे. तुमच्या शेजारच्या आजींना अक्षरओळख नाही, पण मागच्या आठवड्याचं गीत त्यांना तोंडपाठ आहे.

चार वर्षं पुढे सरका. टॉकीजमध्ये ‘सांगत्ये ऐका’ लागलाय. सांगलीतच जन्मलेल्या आशा भोसल्यांच्या आवाजात बुगडीची लावणी सुरू होते आणि पिटातून शिट्ट्या उठतात. हे शब्दही गदिमांचेच.

आता मागे या, मार्च 1956. साताऱ्यात शनिवार पेठेतली एक माडी. दिल्लीत कवी मर्ढेकर गेल्याची बातमी आलीय. वय अवघं शेहेचाळीस. ते मूळचे इथल्याच मर्ढे गावचे. मराठीचे प्राध्यापक मर्ढेकरांचं ‘काही कविता’ मांडीवर घेऊन सुन्न बसलेत. याच पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला होता. मर्ढेकर निर्दोष सुटले. तुम्ही भीतभीत ‘गीतरामायणा’चा विषय काढता.

“गीतं गोड आहेत हो,” सर म्हणतात, “पण कविता म्हणजे ही.”

मर्ढेकरांबद्दल सरांचं शंभर टक्के खरं आहे. यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट मांडायला त्यांनी मराठी कवितेची भाषाच बदलली. पण गाता येतं, लगेच कळतं, म्हणून गदिमांना खालच्या पायरीवर बसवणं हा अन्याय आहे. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक 56 गीतांत आणायचे, तेही दर आठवड्याला एक, आणि राम, सीता, कौसल्या यांना ज्याचा त्याचा सूर द्यायचा, हे नुसत्या गोडव्यावर होत नाही. साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद गदिमांना मिळालं ते 1973 मध्ये, यवतमाळला. फार उशीर झाला.

सरांना तुम्ही एवढंच सांगा: मर्ढेकरांनी कितीतरी कविता ओवी-अभंगाच्या छंदात लिहिल्यात. हे पुस्तक घेऊन सांगलीला चला. आजींना त्यातलं एखादं पान मोठ्यानं वाचून दाखवा. अभंग त्यांना नवा नाही. अर्थ अडला तर त्या विचारतील, आणि सर, तो समजावून सांगणं हेच तर तुमचं काम आहे.